म्हशीचे पुढचे पाय

मामाच्या गाडीला घरात सगळे म्हैस म्हणत. रंगाने काळी, आवाजाने जड, चिखल दिसला की त्यात बसणार आणि एकदा बसली की उठवायला चार माणसं लागणार, तेव्हा दुसरं नाव शोधायची कुणाला गरज पडली नव्हती. गाडी फोर-व्हील ड्राइव्ह होती. गिअरच्या दांड्याशेजारी तिला आणखी एक बुटका दांडा होता. "हा ओढला की चारही चाकं जोर लावतात," मामा सांगायचा, "मग समोर टेकडी असो नाहीतर भिंत." मामाच्या बोलण्यात भिंत आली की ऐकणाऱ्याने कुंपण समजायचं, एवढी सूट घरात त्याला पहिल्यापासून होती.

टेकडीच्या बाबतीत मात्र कुणी सूट दिली नव्हती. टेकडी खरीच होती. दगडाच्या जुन्या खाणीमागे ती उभी होती आणि वर जायला एकच वाट होती, एके काळी ट्रकांनी पाडलेली आणि नंतर पाण्याने फाडलेली. त्या वाटेने गाडी वर नेणारा माणूस एकच, तो म्हणजे मामा. एकदा भर पावसात नेली, एकदा एक चाक पंक्चर असताना नेली, एकदा म्हणे रिव्हर्समध्ये नेली. वर पोचलं की एका सपाट दगडावर बसून थर्मासातला चहा प्यायचा आणि उतरायचं. सोबत कधी कुणाला न्यायचा नाही. "जोखीम माझी मी घेतो, दुसऱ्याची पोरं कशाला," म्हणायचा. त्याच्या दोन भाच्या लहानपणी दारात उभ्या असलेल्या म्हशीच्या मागच्या सीटवर बसून ह्या गोष्टी ऐकायच्या आणि जागच्या जागी डुलत टेकडी चढून यायच्या.

भाच्या आता मोठ्या झाल्या, म्हणजे अगदी केस पांढरे होऊ लागण्याइतक्या मोठ्या. थोरलीचं चष्म्यांचं दुकान होतं. ती दिवसभर लोकांना खुर्चीत बसवून "आता बरं दिसतं, की आता?" असं विचारायची, आणि तो प्रश्न तिच्या जिभेवर इतका बसला होता की मिठाचं प्रमाणही ती तसंच विचारायची. धाकटी सोफे आणि गाड्यांच्या सीटा शिवायची. शहरातल्या अर्ध्या बुडांखाली तिचा टाका होता. स्वतः ती तीन पायांच्या स्टुलावर बसायची, कारण कारागिराचं आसन आणि वैद्याचं औषध ही दोन्ही कायम राहूनच जातात.

तर झालं असं, की मामाचे गुडघे गेले आणि मामेभावाला म्हशीची शेड हवीशी झाली. त्याचा बाटलीबंद पाण्याचा धंदा होता. "महिनाअखेरीस भंगारवाल्याला बोलावलंय," तो मामाच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणाला. मामा खिडकीबाहेर बघत राहिला. एरवी त्या तोंडाला कुलूप घालायचं तर लोहारच बोलवावा लागला असता, पण त्या दिवशी ते आपणहून बंद होतं.

"मला द्या," धाकटी म्हणाली.

सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. तिनेही पाहिलं असतं, आरसा असता तर. तिला सायकलनंतर थेट गॅस सिलिंडरची हातगाडी तेवढी चालवता येत होती. नाही म्हणायला लायसन होतं, नवऱ्याच्या छोट्या गाडीने ती भाजीही आणायची, पण चढावर सिग्नल लागला की हात जोडायची.

"तुला?" मामेभाऊ म्हणाला. "चालवशील कुठे?"

"टेकडीवर."

मामा खिडकीकडून वळला. डोळ्यांत जुनी चमक आली. "ठीक आहे," तो म्हणाला. "महिनाअखेर मला म्हशीत बसवून वर ने. नेलीस तर गाडी तुझी. नाही नेलीस तर जाऊ दे भंगारात. टेकडी न चढणाऱ्याच्या हातात मी ती देणार नाही."

बाहेर आल्यावर थोरलीने बहिणीचा दंड धरला. "अगं, तुला काय भूत लागलंय?"

"ताई, मी जन्मभर दुसऱ्यांच्या सीटा केल्या," धाकटी म्हणाली. "एक तरी सीट माझी असू दे. आणि ती उंचावर असू दे."

मग थोरली जे नेहमी करायची तेच तिने केलं. कुरकुरत बरोबर निघाली.

धाकटीने कामाला सुरुवात केली ती अर्थातच सीटांपासून. गाडी चढत नसेल तर आधी गादी बदलावी, असा विचार जगात फक्त सीट शिवणाराच करू शकतो. तिने म्हशीला पिवळ्याधमक रेक्झिनची दुहेरी शिलाईची सीट चढवली. काळ्या अंगात ती अशी दिसे, की रस्त्यावरची पोरं थांबून हसत. मग रात्रीचं जेवण उरकलं की मोबाइलवर डोंगर चढणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ. त्यातली गाडी जितकी उंच, तितका धाकटीचा जीव वर.

चौकातल्या गॅरेजवाल्याला लोक होऊन-जाईल म्हणत, कारण काहीही विचारलं की तो तेच म्हणायचा. स्प्रिंगा बदलून गाडी वीतभर उचलता येईल का? होऊन जाईल. दातेरी मोठे टायर? होऊन जाईल. पाण्यात इंजिन बुडलं तरी श्वास घेता यावा म्हणून बोनेटच्या कडेने टपापर्यंत जाणारं ते धुराड्यासारखं नळकांडं असतं, ते? होऊन जाईल. टेकडीवर पाण्याचा टिपूस नाही, हे त्या दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. पुढे ओढायचा हुक लागला, टपावर दिव्यांची रांग लागली. म्हशीकडे बघून आता छाती दडपायची.

"पाण्यात म्हैस, वर मोल," थोरली म्हणाली. "चढते की नाही ते आधी बघितलंस का?"

"मामा चढवत होता ना."

"मामा."

"ताई, त्या सुरात नको बोलूस."

पहिल्या रविवारी दोघी खाणीत गेल्या. सपाटीवर म्हैस अशी पळाली की धाकटी मोठमोठ्याने गाऊ लागली, आणि तिचा आवाज म्हशीच्या जवळपासचाच असल्यामुळे कुणाला फरक कळला नाही. खाण ओलांडली. वाटेचा पहिला चढ आला. धाकटीने बुटका दांडा मामाने सांगितला होता तसा ओढला, गिअर टाकला आणि पाय दिला. म्हैस चार हात चढली, मग मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली, दगड मागे उडाले, आणि म्हैस हळूहळू बुडाने जमिनीत बसत गेली. नवी सीट मात्र अतिशय आरामशीर होती.

चढाच्या पायथ्याशी एक सपाट दगड होता. थोरली त्यावर बसली आणि बहिणीने फावड्याने चाकं मोकळी करेपर्यंत तिथे बसून राहिली. "दगड छान आहे," ती म्हणाली. "तुमचा कार्यक्रम चालू द्या."

पुढच्या खेपेला टायरमधली हवा कमी केली. चाक पसरतं, पकड येते, असं व्हिडिओत सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. म्हैस आधीच्यापेक्षा हातभर वर जाऊन बसली. त्याच्या पुढच्या खेपेला चाकांखाली जुनी पायपुसणी टाकली. ती मागे उडून थोरलीच्या अंगावर आली. गॅरेजवाल्याला विचारलं तर त्याने क्लच बघितला, गिअरबॉक्स बघितली, दांडा पुढेमागे करून खालून कान लावला. "आतून लागतोय की बरोबर," तो म्हणाला. "होऊन जाईल." त्याचा जन्म छोट्या गाड्यांत गेलेला, तो तरी आणखी काय बघणार.

महिना संपत आला. मामेभावाने शेडमध्ये एका कोपऱ्यात बाटल्यांची खोकी रचायला सुरुवातही केली. धाकटीचा चेहरा पडला. दुकानात शिवताना तिने एका सोफ्याची पाठ उलटी जोडली, आणि असं तिच्या हातून उमेदवारीतही झालं नव्हतं.

"उद्या सकाळी शेवटचं," थोरली म्हणाली. "पण उद्या मी दगडावर बसणार नाही. बाहेर उभी राहून वाट दाखवते. तू आतून काचेबाहेर बघतेस, तुला तुझीच चाकं दिसत नाहीत. आणि बघणं हा माझा धंदा आहे."

सकाळी ती म्हशीच्या पुढे उलटी चालत हात हलवू लागली. "डावीकडे. थोडं. आता बरं, की आता? आता. थांब. पाय दे."

धाकटीने पाय दिला. दगड उडाले. म्हैस बसू लागली.

"पुन्हा दे," थोरली म्हणाली आणि वाकली.

"ताई, खड्डा होतोय."

"होऊ दे. पुन्हा." आता ती चक्क उकिडवी बसली होती, चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन. मग उठली, बोनेटवर थाप मारली. "बंद कर. पुढची चाकं फिरतच नाहीत."

"असं कसं? दांडा ओढलाय."

"दांडा तू कुठेही ओढ. मागची दोन बिचारी मरमर मरतायत आणि पुढची दोन उभी राहून गंमत बघतायत. अगदी तुझ्या दिरासारखी."

धाकटी खाली उतरली. पुढच्या चाकाशी बसली. महिनाभर ही चाकं तिने घासून पुसली होती. मधोमध एक जाड गोल टोपण होतं, चाकासारखंच काळं. ते तिने शोभेचं समजून सगळ्यात जास्त घासलं होतं. आज तिने त्यावर अंगठा फिरवला आणि अंगठा मध्येच थांबला. कापड चढवलेलं बटण हाताला जसं लागतं, तसं ते लागलं. वर आवरण आणि आत काहीतरी वेगळं, फिरणारं, ज्याची कड रंगाखाली बुजली आहे. बटणाच्या बाबतीत ह्या बाईचा अंगठा खोटं बोलत नसे.

तिने पिशवीतून उसवायची पाती काढली. टाके उसवावेत तशी ती कडेकडेने चालवली. काळा रंग निघाला, त्याखाली हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली पुन्हा काळा. मामा दर दहा-बारा वर्षांनी म्हशीला स्वतः ब्रशने रंगवायचा, आणि रंगवायला बसला की आरशाची काचही सुटायची नाही. सगळ्यांच्या खाली धातू लागला. धातूवर एक बाण होता आणि दोन शब्द कोरलेले होते. फ्री आणि लॉक. बाण फ्रीकडे होता.

मोबाइलवर शोधलं तर उत्तर लगेच आलं. ह्या जातीच्या जुन्या गाड्यांत नुसता दांडा ओढून भागत नाही. खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांची टोपणं हाताने लॉककडे फिरवायची, तेव्हा कुठे पुढची चाकं कामाला लागतात. जो तो हे इतकं गृहीत धरून चालतो, की एकाही व्हिडिओत कुणी तोंडाने बोलला नव्हता.

तेल सोडलं, पक्कड लावली, धाकटीने श्वास रोखून जोर केला. टोपण फिरलं. टक. दुसऱ्या चाकाचंही फिरलं. टक. धाकटी वर जाऊन बसली, दांडा ओढला, पाय दिला, आणि म्हैस तो चढ असा चढून गेली जसं काही घरचा उंबरा. फावडं नाही, पायपुसणं नाही, दगडही उडाला नाही. धाकटी वरून ओरडत होती, थोरली खालून ओरडत होती. थोरलीने तर चष्मा काढून हवेत फेकला आणि मग तो शोधायला तिला चष्मा लागला.

चष्मा सापडला तो त्या सपाट दगडाशी. थोरलीने तो डोळ्यांना लावला आणि दगडाकडे पाहिलं. हसू तिच्या तोंडावरच राहिलं.

"इकडे ये," ती म्हणाली. "रंग किती होते ग त्या टोपणावर?"

"चार."

"कुठे चीर होती? एकदा जरी फिरवलं असतं, तर कडेला रंग तुटला असता."

धाकटीला उत्तर माहीत होतं. तिच्याच पातीने उसवलं होतं. चारही थर कडेवरून सलग होते, अगदी तळातला काळा रंगसुद्धा, जो मामाने गाडी शोरूममधून आणली त्याच आठवड्यात दिला होता. तिने दगडाकडे पाहिलं. सपाट, बसायला सोयीचा, थर्मास ठेवायला कडेला खाचही. मामाने सांगितला होता अगदी तसाच. फक्त तो टेकडीच्या वर नव्हता, पायथ्याला होता.

दोघी त्या दगडावर बसल्या आणि आधी इतक्या हसल्या की पोटात कळा आल्या. पंक्चर चाकाने. भर पावसात. रिव्हर्समध्ये. हसता हसता धाकटीने थर्मासाच्या खाचेवरून हात फिरवला. तिला वाईट वाटलं, आणि ते स्वतःसाठी नव्हतं. इतकी वर्षं तो इथवर येत होता, चाकं फिरेपर्यंत फिरवत होता, एकटा बसून चहा पीत होता आणि घरी येऊन पोरींना वर नेत होता.

"सांगायचं नाही," ती म्हणाली.

"नाही," थोरली म्हणाली. "आणि आज वरही जायचं नाही. वर जाऊ ते त्याला घेऊनच."

ठरल्या दिवशी मामेभाऊ मोबाइल हातात घेऊन खाणीत उभा राहिला, भंगारवाल्याचा नंबर तयार ठेवून. मामाला दोघींनी धरून पिवळ्या सीटवर चढवलं. "ही सीट आहे की फुलपाखरू," तो म्हणाला, पण बसल्यावर दोनदा उगाच उसळी मारून बघितली. धाकटी पुढच्या चाकापाशी वाकली. टक. मग दुसऱ्या. टक.

"काय करतेस ग तिथे?"

"हवा बघतेय, मामा."

थोरली पुढे चालू लागली. पहिल्या चढापर्यंत मामाचं तोंड सुरू होतं. इथे डावीकडे घे, इथे मी एकदा अशी वळवली. सपाट दगड आला तेव्हा त्याने मान दुसरीकडे फिरवली. म्हैस दगडाला वळसा घालून चढाला लागली, पुढच्या चाकांनी जमीन धरली आणि सरळ वर निघाली. दगड मागे पडला.

मामाने काचेखालची धरायची दांडी दोन्ही हातांनी पकडली. वाट वळली, फाटली, एका बाजूला नुसतं आभाळ आलं. थोरली हाताने दाखवत होती, "आता. आता. हं, आता बरं." धाकटी लहानपणी म्हणायची तसं "हुर्र, म्हशी, हुर्र" म्हणत होती. आनंद तिच्या पोटात मावत नव्हता. शेवटचा चढ इतका उभा होता की काचेत फक्त बोनेट दिसत होतं. मग बोनेट खाली आलं आणि समोर सगळं उघडं झालं.

वर वारा होता, गवत होतं. सपाट दगड कुठेही नव्हता. टेकडीच्या पलीकडे, इकडून कधीच न दिसणारं, एक मोठं तळं पसरलं होतं. त्यावर ऊन चमकत होतं आणि काठाने पांढऱ्या पक्ष्यांची रांग बसली होती.

मामा काचेतून बघत राहिला.

"ह्या बाजूला पाणी आहे," तो म्हणाला. "हे मला कुणी सांगितलंच नाही."

थोरली खिडकीशी येऊन उभी राहिली आणि तिने दुकानातल्या आवाजात हळूच विचारलं, "काय काय दिसतंय, मामा?"

"पाणी. पक्षी. पलीकडे एक रस्ता आहे, त्यावर बस चाललीय." तो थांबला. "तो दगड खाली आहे ग."

"माहीत आहे," धाकटी म्हणाली.

"कधीपासून?"

"चार दिवस झाले असतील."

मामाने मान हलवली. मग म्हणाला, "मला खाली उतरव. हवा बघत होतीस ती मला दाखव."

त्याला धरून पुढच्या चाकाशी नेलं. धाकटीने त्याचा हात त्या उसवलेल्या टोपणावर ठेवला. त्याने ते फ्रीकडे फिरवलं. टक. परत लॉककडे. टक.

"इतकंच?"

"इतकंच."

"आणि मी म्हशीला शिव्या देत होतो. हिच्या पुढच्या पायांत दमच नाही म्हणून." त्याचे खांदे हलू लागले. धाकटी घाबरली, तो रडतोय की काय म्हणून. तो हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि हसताना बोनेटला धरून उभा होता. मग त्याने खिशातून जुना मोबाइल काढला आणि खाली उभ्या असलेल्या मुलाला लावला. "भंगारवाल्याला नको म्हणून सांग," तो म्हणाला. "गाडी धाकटीची झाली. शेडमधली तुझी खोकी उचल."

धाकटीने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिला काहीतरी छान बोलायचं होतं, पण सुचलं नाही. त्यानेच तिच्या डोक्यावर टपली मारली.

"चल, बसव मला," तो म्हणाला. "खाली जाऊ आणि परत वर येऊ."

"परत? का रे?"

"मघाशी शेवटच्या चढाला मी डोळे मिटून घेतले होते."

थोरलीने आपला चष्मा पुसून डोळ्यांना लावला आणि पुढे चालायला लागली. धाकटीने म्हैस सुरू केली.